बंधाऱ्यामागचा गाळ

४ मार्च

प्रिय शेपटे,

फोनवर बोललो की आपलं भांडण होतं, आणि मग दोन दिवस मला रोपांशीसुद्धा धड वागता येत नाही. म्हणून पत्र. पत्रात कुणाला मध्येच तोंड घालता येत नाही. तू जन्मभर माझ्या बोलण्यात तोंड घातलंस, आता शेवटपर्यंत ऐक.

तू नदीच्या कामाला आलीस आणि राहिलीस विश्रामगृहात. घरी राहा म्हटलं तर म्हणालीस, चिखलाच्या नळ्या तुझ्या घरात कुठे ठेवू. बरं. पण जेवायला रोज आलीस आणि उठताना मुंगीला सोबत नेलंस. माझी मुलगी, सतरा वर्षांची घोडी, जिची कुंडीतली माती बदलताना नखं खराब होतात, ती संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल माखून घरी यायची आणि वर हसत असायची. तू गेल्यापासून तिच्या तोंडात एकच जप. मावशी असं म्हणाली, मावशीनं होडीतून नळी अशी खाली सोडली. परवा मी विचारलं, माझ्या रोपवाटिकेत कधी इतकी रमली नाहीस ती. तर म्हणाली, "तू मला कामं सांगतेस, मावशी मला प्रश्न विचारते." यावर जन्मदात्रीनं काय बोलावं ते तूच सांग.

आणि आई. म्हणजे माझी आई, जिला मावशी म्हणायचं सोडून तू आई म्हणत आलीस. गुडघ्यांमुळे खाटेवरून उठत नाही म्हणणारी बाई तुझा आवाज ऐकून दारापर्यंत चालत आली. मी रोज तिची वेणी घालते, औषधं देते, पथ्य सांभाळते. आणि दुपारी पडल्या पडल्या ती मला विचारते काय, तर "पोरगी एकटी राहते गं, वेळेवर जेवत असेल का?" जेवतेस. मी डोळ्यांनी पाहिलंय, चांगली दोन वेळा वाढून घेतेस.

एक गोष्ट तू असताना सांगायची राहिली, कारण तुझ्याच गोष्टी संपत नव्हत्या. आमच्या बागवाल्या मंडळाची मागणी नगरपालिकेनं मान्य केली. बंधाऱ्यामागे साठलेला गाळ काढायचा. गाळ घरोघरच्या बागांना फुकट वाटायचा आणि उरलेला शाळेच्या मैदानावर पसरून तिथे हिरवळ करायची. ही मागणी माझी. इतकी वर्षं मी बंधाऱ्याच्या काठचा गाळ घमेल्यानं आणून रोपं करते आहे, म्हणून तर माझ्यासारखी रोपं गावात कुणाची होत नाहीत. सभेत मला पहिल्या रांगेत बसवलं. ह्यांनी चक्क दुकान बंद ठेवलं. लोकांची घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस पहिल्यांदाच कुठेतरी वेळेवर पोचला.

तब्येत सांभाळ.

तुझी
ताई


१३ मार्च

प्रिय ताई,

दोन वेळा वाढून घेते हे कबूल. तुझ्या हातचं असतं म्हणून घेते.

मुंगीला मी नेलं नाही, ती आपणहून होडीत येऊन बसली. आणि मी तिला प्रश्न विचारते ते शिकवायला नाही, मला खरंच उत्तर माहीत नसतं म्हणून. आईबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

गाळाची बातमी वाचून आनंद झाला असं लिहायला बसले होते, पण ते लिहिलं असतं तर पुढचं लिहिता आलं नसतं. नीट समजावून सांगते. तळात नळी दाबली की गाळ थराथरानं वर येतो. वरचा थर तपकिरी, अलीकडच्या वर्षांचा. तू काठावरून आणतेस तो हा. त्याखाली करडा. आणि हातभर खोल गेलं की काळा, तेलकट, उग्र वासाचा. आपण शाळेत होतो तेव्हा वरच्या अंगाला धातूंवर मुलामा चढवणारे कारखाने होते, जुन्या बॅटऱ्या फोडायच्या शेड होत्या, आठवतं? नदी कधी हिरवी दिसायची, कधी पिवळी. मुंगीच्या जन्माआधी ते सगळं बंद पडलं आणि पाणी निवळलं. गावाला वाटलं, नदी बरी झाली. पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांचं असं आहे की ती कुजत नाहीत, विरत नाहीत. बारीक चिखलाच्या कणांना चिकटली आणि बंधाऱ्यामागे, जिथे पाणी संथ होतं, तिथे तळाशी बसली. खाली हवा पोचत नाही तोवर ती बऱ्यापैकी गप्प असतात. उकरून हवेत टाकली की सुटतात. पाण्यात उतरतात, मुळांवाटे वर चढतात.

आत्ता थोडेच नमुने तपासून झालेत, त्यामुळे छातीठोक काही सांगत नाही. पण सगळे आकडे हाती येईपर्यंत गाळ उपसायचं मशीन लावू नका, एवढं मंडळातर्फे तू सांग. तुझा शब्द ते मानतात.

आणि सुट्टीत मुंगीला महिनाभर माझ्याकडे प्रयोगशाळेत पाठवशील का? तिचा हात स्थिर आहे, तो माझ्या दोन्ही सहायकांचा नाही.

तुझी
शेपूट


२० मार्च

शेपटे,

आज 'प्रिय' लिहवत नाही.

मला पाण्यात पाहायची तुझी जुनीच सवय, आता गाळातही पाहायला लागलीस. इतक्या वर्षांत गावानं पहिल्यांदा माझं ऐकलं, आणि बरोबर त्याच महिन्यात तुझ्या नळीत काळं सापडलं. तूच लिहितेस की छातीठोक सांगता येत नाही. मग घाई कसली? माझ्या नावाचं काम उभं राहायच्या आत मोडायला हवं, याची?

तो गाळ मी हातानं कालवते. टोमॅटो, मिरची, फुलकोबीची रोपं त्यात होतात. पालकाचं पान तळहाताएवढं येतं. आम्ही तो खातो, आई खाते, अर्धं गाव खातं. कुणी मेलेलं ऐकिवात नाही.

तुला आठवणार नाही, मला आठवतं. तुझी आई गेली आणि तू आमच्या घरी आलीस तेव्हा चार वर्षांची होतीस. माझ्या मागे मागे फिरायचीस म्हणून मीच तुला शेपूट नाव ठेवलं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण मग आईनं एकाच कापडाचे दोन फ्रॉक शिवले की लोक म्हणायचे, धाकटीला काय खुलतो. दोघींचे निकाल आले की आई शेजारणीला आधी तुझे गुण सांगायची. बिचारी, आई नसताना एवढं करते. माझेही गुण वाईट नव्हते. मला आई होती, हा माझा काय गुन्हा होता?

पुढे तू शिकायला गेलीस, मी रोपं लावत राहिले. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते माझ्याच घराला बघून. आई घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुझ्या कामाबद्दल सांगते. तिला त्यातलं ओ का ठो कळत नाही, तरी सांगते. रोपवाटिकेत ती शेवटची कधी आली होती ते विचार तिला.

मुंगी सुट्टीत कुठेही जाणार नाही. तिला कलमं बांधायला शिकायचं आहे. आई तू कधीच घेतलीस. मुलगी मिळायची नाही.

ताई


३० मार्च

ताई,

आधी कामाचं.

सगळे नमुने झाले. काळ्या थरात शिसं आणि कॅडमियम, दोन्ही धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर आहेत. रेषेच्या थोडंसं वर असतं तर मी पुन्हा तपासते म्हटलं असतं. पुन्हा तपासलंच, दुसऱ्या प्रयोगशाळेतूनही. तेच आलं. बंधाऱ्याच्या वर, जिथे तळ वाळूचा आहे, तिथे काही नाही. सगळं बंधाऱ्यामागे आहे, तुमचं मशीन जिथे उतरणार आहे नेमकं तिथे. कॅडमियम पालेभाज्या शोषून घेतात आणि ते माणसाच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं. शिशाचं त्याहून वाईट. लहान मुलं हात तोंडात घालतात. शिसं त्यांच्या वाढीत आणि बुद्धीत शिरतं, आणि वरून मूल ठणठणीत दिसतं. शाळेच्या मैदानावर तो गाळ पसरणार हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. नगरपालिकेला अहवाल पाठवला आहे.

तुझ्या रोपवाटिकेचं सांगते. तू आणतेस तो वरचा थर मर्यादेच्या आत आहे, जरा काठावर. तुझा पालकही तसाच. आणि मला हे कसं कळलं ते तू विचारशीलच, म्हणून मीच सांगते. तुझ्या वाफ्यातली एक जुडी मी मुंगीला आणायला सांगितली होती. तुला सांगू नको असंही सांगितलं होतं. तुला विचारलं असतं तर तू दिली नसतीस, आणि मला माहीत असायला हवं होतं, कारण आई ती भाजी खाते.

आता राहिलेलं. तुझा मला हेवा वाटतो हे मी कधी बोलले नाही, कारण ते ऐकून तू खूश झाली असतीस. तू आईवर रागवायचीस. दार आपटायचीस, जेवायला यायची नाहीस, आणि आई तुझी समजूत काढायला उंबऱ्यात येऊन बसायची. मी त्या घरात एकदाही रुसले नाही. ज्याला ठेवून घेतलेलं असतं त्याला रुसता येत नाही, ताई. म्हणून मी अभ्यास केला. तेवढंच एक होतं ज्यावर कुणी म्हणायचं नाही की हे ताईचं आहे. तू म्हणतेस मी तुझी आई घेतली. मला ती एक दिवसही पुरी मिळाली नाही.

मशीन थांबव. माझ्यासाठी नको.

शेपूट


५ एप्रिल

जुडीचं कळलं. मुंगीनंही कबूल केलं, वर मान करून. मुलीचे पालक आम्ही आणि वाफ्यातला पालकही आमचा. मुलगी आणि पालक, दोन्ही तू न विचारता उचललंस.

आमचं जोरात वाजलं. ह्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं, तेही तिच्या बाजूनं. आईनं तर तिला स्वतःच्या हातानं शिदोरी बांधून दिली. आज सकाळच्या गाडीनं मुंगी तुझ्याकडे निघाली आहे. पोचेल उद्या. मी सोडायला गेले नाही.

मशीन सोमवारी येतंय. फीत कापायला मला बोलावलंय. कापणार आहे.

ताई


१२ एप्रिल

ताई,

मुंगी सुखरूप पोचली. माझ्या आतल्या खोलीत झोपते, खिडकीत तिनं चार कुंड्या आणून ठेवल्यात.

तू मनात जे चित्र रंगवत असशील तसं इथे काही नाही. मी तिला तराजूवर चिमूटभर माती तोलायला शिकवते, आणि ती तुझ्यासारखं कुंडीवर बोटाच्या पेरानं टकटक करून पाणी कधी घालायचं ते ठरवते. मी विचारलं, हे कुठून? म्हणाली, आई करते. नमुने वाळत घालताना ती ओळीत ठेवते, मधे बोटभर जागा सोडून. हे कुठून? आई रोपं अशी लावते. माझा मोठा सहायक काल मला म्हणाला, हिच्या आईला एकदा भेटायला हवं. माझ्या प्रयोगशाळेत, माझ्यासमोर. मी हसले. आतून काय झालं ते विचारू नकोस.

नगरपालिकेच्या अधिकाऱ्याशी फोनवर बोलले. ते म्हणाले, अहवाल मिळाला, पण मंडळाच्या अध्यक्षबाई तुमच्याच भगिनी ना, त्या तर गाळ उत्तम म्हणतात. आता बाहेरच्या तज्ज्ञाचं ऐकायचं की गावच्या माणसाचं? मी बाहेरची. त्या नदीत मी पोहायला शिकले, तूच शिकवलंस, आणि मी बाहेरची.

तेव्हा मी स्वतः येते. पंचवीस तारखेला नगरपालिकेची सभा आहे, तिथे उभी राहून गावासमोर सगळं सांगते. तुझ्याविरुद्ध बोलावं लागेल. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

शेपूट


२३ एप्रिल

प्रिय शेपटे,

तुला यायची गरज उरली नाही. मशीन थांबलं. मी थांबवलं. आता कसं ते वाच, आणि वाचताना मला चांगली म्हणू नकोस. मी चांगुलपणानं काही केलेलं नाही.

फीत कापली. पहिले दोन-तीन दिवस तपकिरी गाळ निघाला. लोक बादल्या, पोती, बाबागाड्यासुद्धा घेऊन आले. मला येता-जाता नमस्कार होत होते. तुला सांगते, तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता. मग मशीनचा दात खोल गेला आणि काळं वर आलं. नासक्या अंड्यांचा वास थेट बाजारपेठेपर्यंत. मी लोकांना सांगितलं, खताला वास असतोच. दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याखाली मासे उलटे तरंगायला लागले. मी सांगितलं, उन्हाळा आहे. मला माझंच ऐकू येत होतं की हे पोकळ आहे, पण प्रत्येक वेळी तुझं तोंड समोर यायचं, आणि जीभ आपोआप चालायची.

मग तुझं पत्र आलं, मी येते म्हणून. वाचून गावाचा विचार माझ्या मनात आधी आला असता तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. आधी दिसलीस तू, सभेत उभी, हातात कागद. पहिल्या रांगेत मी, मान खाली घालून. आणि घरी खाटेवर आई, येईल त्याला सांगतेय की आमच्या धाकटीनं गाव वाचवलं. हातातली पाण्याची नळी तशीच वाहत राहिली, अर्धा वाफा बुडाला.

तडक शाळेच्या मैदानावर गेले. मनात हेच होतं की तिथे काही नसेल, तू खोटी पडशील. मधली सुट्टी होती. अर्ध्या मैदानावर काळा गाळ पसरून झाला होता. लहान वर्गातल्या मुली त्याचे गोळे वळत होत्या, ओळीनं मांडत होत्या. त्यांचा भातुकलीचा खेळ चालला होता. एकीनं दुसरीला भरवलं. खोटं खोटंच भरवलं, पण गोळा ओठांना लागला आणि तिनं ओठ चाटले. तुझं शिशाबद्दलचं वाक्य मी रागारागानं इतक्या वेळा वाचलं होतं की पाठ झालं होतं. मी त्या सगळ्यांना गोळा करून नळावर नेलं आणि एकेकीचे हात, तोंड, नखं घासून धुतली. बाई धावत आल्या, मला विचारू लागल्या काय झालं. मी पुढच्या मुलीचे हात नळाखाली धरले. तो गाळ तिथे माझ्या शब्दावर आला होता.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. जुडी, तुझी पत्रं, माझी पत्रं, माझ्या पोटातली आगसुद्धा. वाटलं ती जवळ घेईल. ती म्हणाली, "तुम्हाला मला वाटूनच घ्यायचं असेल तर निदान मी जिवंत असेपर्यंत थांबा. आणि आत्ता इथे काय बसलीस? मशीन चालू आहे ना?"

गेले. मशीनवाला म्हणाला, वरून हुकूम आल्याशिवाय बंद करता येत नाही. मी मशीनच्या दातासमोर त्या काळ्या ढिगावर जाऊन उभी राहिले. साडीची वाट लागली, एक चप्पल आत गेली ती अजून आतच आहे. त्यानं मशीन बंद केलं आणि निवांत बिडी पेटवली. अधिकारी आले, माझं मंडळ आलं, बघे आले. अधिकारी म्हणाले, बाई, ही मागणी तुमचीच होती. मी म्हटलं, "मागणी माझीच होती. आता नको म्हणतेय तीही मीच. ज्या बहिणीनं हे सांगितलं तिचा मला इतका राग येतो की तुम्हाला सांगून कळायचं नाही. तरी ती खरं सांगतेय. तिचा अहवाल आत्ता, इथे, मोठ्यानं वाचा."

लोक हसले. अधिकाऱ्यांना हसावं की नाही ते कळेना. पण अहवाल आणवला आणि वाचला. माझ्या मंडळातल्या दोघी तिथेच माझ्याशी भांडल्या, त्यांनी बागा भरून घेतल्या होत्या. एकीनं विचारलं, हेवा बहिणीचा आणि भोग आमचे का? संध्याकाळी मशीन परत गेलं.

तू येऊन थांबवलं असतंस तर गावानं तुझं नाव घेतलं असतं. ते मला बघवलं नसतं. एवढंच खरं कारण आहे.

ताई


६ मे

प्रिय ताई,

नगरपालिकेनं नेमलेली समिती येऊन पाहणी करून गेली हे तुला माहीतच आहे, तू चहा पाजलास सगळ्यांना. काय ठरलं ते लिहून कळवते. मैदानावरचा गाळ खरवडून काढायचा, खालची वीतभर मातीही. बागांमधला परत गोळा करायचा. सगळा मिळून जाड अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरायचा, वर झाकण. बंधाऱ्यामागे जे अजून खाली आहे त्याला हात लावायचा नाही. पाणी आणि मासे दर ऋतूत तपासायचे. त्या मुलींच्या रक्ताची तपासणी झाली, शिसं वाढलेलं नाही. तू त्यांचे हात वेळेवर धुतलेस. मासे मात्र धातूंनी मेले नसावेत, गाळ ढवळल्यानं पाण्यातला प्राणवायू संपला असणार. धातूंचं काम इतकं लगेच आणि इतकं उघड दिसत नाही, हेच तर दुखणं आहे.

आता माझं. वर्तमानपत्र पाहिलं. पान मोठं, फोटो मोठा. तू ढिगावर, एका पायात चप्पल. मथळा, 'चूक उमगली आणि बाई आडव्या आल्या'. तुझी वाक्यं शब्दशः छापली आहेत. त्या नदीवर, उगमापासून खाली खाली येत, मी पाच वर्षं काम करते आहे. होडीतून पडले, तापानं फणफणले, त्या काळ्या थराची जाडी बोटाबोटानं मोजली. त्याबद्दल शेवटच्या ओळीत लिहिलंय, 'एका प्रयोगशाळेच्या अहवालानुसार'. एका. नावसुद्धा नाही. मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं, परत उघडलं, परत घडी केलं. आता तुला कळलं असेल, मलाही कसं होतं ते.

मुंगीनं तो फोटो कापून माझ्या टेबलासमोरच्या भिंतीला लावला. येईल त्याला सांगते, ही माझी आई. मी रोज सूक्ष्मदर्शकातून मान वर केली की समोर तू. काढ म्हणायची सोय नाही.

तिला इथेच पुढे शिकायचं आहे. तुला विचार असं मला म्हणाली, मी म्हटलं तूच विचार. तिचं पत्र येईल. मी ठेवून घेतली असं कृपा करून समजू नकोस. माती शिकायची म्हणते, आणि शिकून तुझ्याच वाफ्यांवर काम करायचं म्हणते. तिच्या सगळ्या बेतांच्या शेवटी तुझं घर आहे.

आईबद्दल नंतर लिहीन म्हटलं होतं. फेब्रुवारीत मी तुमच्याकडे यायची तेव्हा तू स्वयंपाकघरात असायचीस आणि मी आईपाशी. वाटायचं, ती माझी विचारपूस करेल, माझ्या कामाचं विचारेल. ती मला काय सांगायची माहीत आहे? ताईची रोपं बघितलीस का. ताईसारखा हात कुणाचा नाही. ताई आहे म्हणून मी आहे. रोज. मी ऐकत बसायची. तिच्या तोंडून माझं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही, ताई. ती ते करते हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

तुझी
शेपूट


१५ मे

प्रिय शेपटे,

तुझ्या पत्राचा शेवट मी उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. मग आईपाशी जाऊन विचारलं, खरं का हे? म्हणाली, "तोंडावर कौतुक केलं की पोरं बिघडतात." दोघी कशा बिघडल्यात ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

इथलं सांगते. मैदान खरवडलं, आता उघडं बोडकं आहे. मुलं रस्त्यावर खेळतात आणि त्यांचे आईबाप मला पाहून बोलायचे थांबतात. निम्मी गिऱ्हाइकं गेली. तुझी ती मर्यादेच्या आतली माहिती मी पाटीवर लिहून लावली, पण काठावर हा शब्दही लिहिला, म्हणून आणखी काही गेली. काठचा गाळ आणणं सोडलं. पालापाचोळ्याचं खत कुजवते आहे. त्यात रोपं बारकी होतात. होऊ देत.

मुंगीचं पत्र आलं. मी हो म्हटलं आहे. तीन दिवस लागले म्हणायला. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, घड्याळ हातात घट्ट धरून ठेवलं म्हणून काटे थांबत नाहीत. आयुष्यभर गप्प बसून हेच एक वाक्य घडवत होते की काय, कोण जाणे. फोटो काढू नकोस भिंतीवरचा. तुझा जळफळाट वाचून मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही. आणि तुझं नाव छापलं नाही म्हणून मी त्या बातमीदाराला ह्यांच्या दुकानात गाठून चार शब्द सुनावले, हेही लपवत नाही. दोन्ही एकाच दिवशी केलं.

आता मुद्द्याचं. आई तुझ्याकडे राहायला येते आहे, पावसाळा संपेपर्यंत. मी सुचवलं, ती लगेच हो म्हणाली. इतकी लगेच की मला जरा वेळ मागच्या अंगणात जाऊन उभं राहावं लागलं. शुक्रवारी गाडीत बसवते. उतरवून घ्यायला मुंगीला पाठवू नकोस, तू स्वतः जा. गुडघ्यांना गरम शेक लागतो. वेणी सैल चालत नाही आणि घट्टही चालत नाही, ते तुझं तू शोध. रुसावंसं वाटलं तर रूस, दार आपट, जेवू नकोस. ती येऊन बसेल समजूत काढायला. गुडघे दुखले तरी बसेल, मला माहीत आहे.

आणि एक. आल्यापासून ती तुझ्याशी फक्त माझ्याबद्दल बोलेल. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तुझे कान किटतील. मुकाट्यानं ऐकून घे. मी जन्मभर ऐकलंय.

तुझी
ताई